बारा जणांचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने सागवानी टेबल आहे. मंत्रिमंडळाच्या बैठकीच्या खोलीत माझे उभे आयुष्य गेले. मला घडवणाऱ्या सुताराने बारा खुर्च्यांचे माप घेतले होते. तेव्हा कोणी चुकीचे बोलले की समोरचा लगेच टोकायचा. कडाक्याची भांडणे व्हायची, पण काम उरकायचे. त्या दिवसांचा मला अजून अभिमान वाटतो.

पुढे सरकार टिकवायचे म्हणून एकेका नाराजाला मंत्रिपद मिळू लागले आणि मला फळ्यांवर फळ्या जोडल्या गेल्या. सुतार तोवर म्हातारा झाला होता. "आता पुरे करा, मधोमध झोल येईल," तो म्हणाला. कोणी मनावर घेतले नाही. आज माझ्याभोवती एकेचाळीस जण बसतात. या टोकाचे बोलणे त्या टोकाला ऐकू जात नाही, आणि खरे सांगायचे तर कोणाला ऐकायचेही नसते.

एवढ्यांना खाती कुठून आणायची? मग एका खात्याची तीन झाली. धरणाची भिंत एकाकडे, दरवाजे दुसऱ्याकडे, पाणी तिसऱ्याकडे. दरवाजे गंजून अडकल्याची फाइल ऐन उन्हाळ्यात आली होती. पण पहिली सही करणाऱ्याच्या गळ्यात जबाबदारी पडते, म्हणून तिघेही ती शेजाऱ्यापुढे सरकवत राहिले.

"आधी तुमची होऊ द्या."

"छे, छे, मान तुमचा."

चहा देणारे शिपाईमामा हे बघत होते. त्यांची लेक दोन लहान मुलांसह त्याच धरणाखालच्या गावात राहते. वीस वर्षांत बैठकीत चकार शब्द न काढलेले मामा त्या दिवशी बोलले.

"साहेब, माझी लेक तिथं राहते. तेवढी सही करून टाका ना."

दोघे-तिघे ओशाळले. मग फाइलसाठी अकरा जणांची समिती नेमली गेली आणि सगळे जेवायला उठले. मला फार लाज वाटली.

आज पावसाचा सहावा दिवस. लेकीला आणायला काल गेलेले मामा अजून परतलेले नाहीत. बैठक चालू आहे. इतक्यात माझ्यावरचा फोन वाजला.

"धरणावरचा नंबर दिसतोय," सचिव हळूच म्हणाले.

भिंतवाल्यांनी फोन दरवाजेवाल्यांपुढे सरकवला, त्यांनी पाणीवाल्यांपुढे. तो अजून वाजतोच आहे.

मित्रांनो, मला पॉलिश नको, माझी निगाही राखू नका. मला हात नाहीत. यांच्यापैकी कोणाला तरी तो फोन उचलायला सांगा.