फेसाचं औषध आणि मनकर्णेची बोटं

मी कोनाड्यातली तपकिरी बाटली बोलतेय. माझ्या अंगावरच्या चिठ्ठीत औषधाचं नाव इंग्रजीत आणि उर्दूत लिहिलंय, हायड्रोजन पेरॉक्साइड. या घरात ते कुणालाच वाचता येत नाही. इथे मला नुसतं फेसाचं औषध म्हणतात. तेच बरं. त्या मोठ्या नावाची मला आता लाज वाटते.

कुठल्याशा लांबच्या कारखान्यातून, भुशाने भरलेल्या पेटीत बसून मी मोमिनाबादच्या दवाखान्यात आले. अंबाजोगाईला तेव्हा निजामाच्या दप्तरी मोमिनाबाद म्हणत. तिथल्या फळीवर मी मोठ्या ऐटीत उभी असे. जखमेवर माझे चार थेंब पडले की फेस उसळायचा, घाण वर यायची आणि माणसं म्हणायची, लई तेज औषध हाय. मला ते खरं वाटायचं.

एका उन्हाळ्यात म्हाळू धापा टाकत दवाखान्यात आला. मेंढरं राखणाऱ्या घरातला, नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा. त्याची थोरली बहीण मनकर्णा माहेरी आली होती. गवत कापताना विळा तिच्या पायात घुसला होता आणि जखम चिघळली होती. कंपौंडर विठ्ठलरावांनी मला म्हाळूच्या हाती दिलं. पाणी मिसळून रोज जखम धुवायला सांगितलं. उरलं तर फेकू नकोस, असंही ते म्हणाले. तांब्याभर पाण्यात झाकणभर घालून त्यात टणक बी भिजवलं तर लवकर उगवतं, मी माझ्या फुलझाडांचं तसंच करतो, असं ते सांगत होते. म्हाळू तोवर दारापर्यंत पोचला होता.

मी रोज फेसाळले. मनकर्णा ओठ दाताखाली धरून म्हणायची, "गुण येतोय बघ, म्हाळ्या." माझा फेस वरच्या वर उसळत राहिला, विष मात्र खाली हाडापर्यंत गेलं होतं. ती गेली, तेव्हा मी अजून अर्धी भरलेली होते. कुणी मला फोडलं नाही. कोनाड्यात ठेवून दिलं.

कोनाड्याच्या शेजारी भिंतीवर शेणाची एक चकती होती. दोन हिवाळ्यांपूर्वी, पेरणीपर्यंत बी टिकावं म्हणून, मनकर्णेने दोडक्याच्या बिया शेणात दाबून ती थापली होती. वाळलेल्या शेणात तिची पाची बोटं उमटली होती. तिची आई चतुराबाई येता-जाता त्या बोटांवरून हात फिरवायची. मृग लागला, सगळे कुंपणाला वेल लावू लागले, पण चतुराबाईने भिंतीला हात लावू दिला नाही.

शेजारची छबुबाई एकदा विस्तव मागायला आली. चतुराबाई पाण्याला गेली होती, घरात म्हाळूच होता. चकतीकडे बघून छबुबाई म्हणाली, "बी जुनं झालंय रं. मेलंय ते. आता भिंतच खाईल त्याला."

मेलंय हा शब्द म्हाळूला झोंबला. त्याने काठी उचलली आणि चकतीवर हाणली. शेणाचे तुकडे आणि काळ्या बिया जमिनीवर विखुरल्या. मग काठी हातात धरून तो तसाच उभा राहिला. भिंतीवर बोटं राहिली नव्हती.

चतुराबाई घागर घेऊन आत आली. तिने भिंत पाहिली.

"कावून फोडलंस?"

"बी उगवल, माय."

ती वाकून तुकडे पदरात वेचू लागली. अंगठ्याचा ठसा असलेला एक तुकडा धड होता. तो तिने माझ्याजवळ आणून ठेवला.

म्हाळूने बिया परातीत घेतल्या. आता त्या उगवल्या नाहीत, तर बहिणीचा हात त्याने फुकट मोडला होता. विठ्ठलरावांचं बोलणं त्याला अर्धंमुर्धं आठवलं. त्याने मला उचललं आणि सगळीच्या सगळी ओतायला तिरकी केली.

"पाणी घाल," पाठमोरीच चतुराबाई म्हणाली. "मनीचा पाय धुताना घालायचास तसं."

त्याचा हात थबकला. त्याने तांब्याभर पाणी ओतलं, त्यात माझं झाकणभर. बियांभोवती बारीक बुडबुडे आले. जखमेवर यायचे तसेच. म्हाळू उठून बाहेर गेला. मला डोळे नाहीत हे बरं, नाहीतर मीही ते मिटून घेतले असते.

संध्याकाळी बिया धुऊन ओल्या फडक्यात बांधल्या. छबुबाईने त्याच दिवशी पेरलेल्या ताज्या बियांच्या आधी त्यांना पांढरे कोंब फुटले. वेल छपरावर चढला. बायका मला बघायला येऊ लागल्या. छबुबाईच आता सगळ्यांना सांगायची, बाटली लई गुणाची हाय. म्हाळू मान खाली घालून ज्याला त्याला बी भिजवायला थोडं थोडं देत राहिला, आणि मी रिकामी झाले.

हिवाळ्यात वेलावरचा वाळलेला दोडका उतरवला. चतुराबाईने शेण मळलं, बिया दाबल्या, चकती भिंतीला लावली आणि हाक मारली.

"म्हाळू, हात ठेव."

त्याने हात पाठीमागे घेतले. "माझा नगं, माय. म्याच फोडलंय."

"म्हणून तर ठेव."

तिने त्याचं मनगट धरलं आणि पंजा शेणात दाबून बराच वेळ सोडला नाही.

माझ्याशेजारी आता एक मोठा पंजा आहे आणि एक लहान अंगठा. मला धुवून माझ्यात दिव्याचं तेल भरायचं म्हणतात. भरा. पण जिच्यासाठी आले, तिच्या कामी मी आले नाही. मला गुणाची म्हणू नका, आणि ठेवाल तेव्हा माझी चिठ्ठी भिंतीकडे करून ठेवा.