चारच्या ठोक्याला उठणारा काटा

पत्र्याच्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. चार वाजत आले होते आणि पन्नासेक शहाणीसुरती माणसं एका घरी बांधलेल्या विमानाच्या घड्याळाकडे श्वास रोखून बघत होती. इंजिन बंद, चाकांना लाकडी ठोकळे लावलेले. वायुमहाराजांनी खिडकीवरची ताडपत्री दोन बोटांनी अलगद बाजूला सारली आणि डोळे मिटले.

"प्राण म्हणजे वायू! वायू म्हणजे वेग! ये बाळा, वेगावर स्वार होऊन ये!"

पाच-सात मिनिटं असंच चाललं. मग वेग दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा थरथरला. वीस, चाळीस, साठ. उभ्या विमानाचा वेग साठ!

"आला! थोरला आला!" गर्दीत हुंदके फुटले. थोरल्याचे वडील, म्हातारे सुतार, काट्यापुढे हात जोडून म्हणाले, "चुकलो रे पोरा, माफ कर."

मागे उभी असलेली त्यांची सून दातओठ खात होती. हा जो कुणी 'आला' होता, तो तिचा नवरा. चार महिन्यांपूर्वी तो तापाने गेला, दुपारी चार वाजता, ती जिथे नर्स होती त्याच वॉर्डात. गेलेलं माणूस किती गेलेलं असतं, हे तिला या अख्ख्या गर्दीपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

सहा वर्षं खपून थोरल्याने ते विमान बांधत आणलं होतं. बाप त्याला वेड म्हणायचा. शेवटची दोन वर्षं तर बापलेकांचं बोलणंच नव्हतं. तो गेल्यावर मात्र राहिलेलं काम सुतारांनी स्वतःच्या हातांनी पुरं केलं. येत्या रविवारी त्याचा धाकटा भाऊ ते उडवणार होता. महाराजांची अट एकच: घड्याळाच्या मागच्या बाजूला कुणी हात लावायचा नाही, आत्मा दुखावतो. वा रे नाजूक आत्मा!

"वहिनी, दादा सोबत आहे. मग भीती कसली?" धाकटा म्हणाला. 

तिला नवऱ्याचं काम आठवलं. त्या घड्याळाला वारा पोचवणारी प्लॅस्टिकची नळी तो उकळत्या पाण्यात धरायचा, बरणीभोवती हळूहळू वळवायचा आणि तशीच गार पाण्यात बुडवायचा. दुसरं टोक धरायला ही. "नळी मुडपली ना, की काटा खोटं बोलतो," तो म्हणायचा. शनिवारी पहाटेच ती टॉर्च घेऊन विमानात शिरली आणि उताणी पडून घड्याळामागे बघू लागली. नळी चौकटीच्या कडेने सरळ आली होती आणि कोपऱ्यात थेट काटकोनात वळवून पट्ट्यांनी घट्ट आवळली होती. नजर लागावी इतकं नीटनेटकं काम! आणि नेमक्या त्या कोपऱ्यात नळी चपटी झाली होती, पेशंटच्या कोपराखाली सलाइनची नळी होते तशी.

अकरा वाजता तिने सगळ्यांना गोळा केलं. महाराज तरातरा आले.

"ही वेळ नाही! आत्मा आता येणार नाही!"

"बघू या की." तिने गरम पाण्याची रबरी पिशवी घड्याळामागे नळीला लावली. काटा उठला. वीस, चाळीस, सत्तर. चार वाजताच्या साठापेक्षा दहा जास्तच!

"पाहिलंत? लवकर दर्शन दिलं!" महाराजांनी शब्द फिरवायला क्षणही घेतला नाही.

"आणि आता?" तिने पिशवी काढून गार फडकं लावलं. काटा सुमडीत खाली आला. "महाराज, तुमच्या आत्म्याला शेक लागतो? रोज ताडपत्री सारता ती यासाठीच ना?"

 तिने पुन्हा पिशवी लावली, काटा चढू दिला आणि खिशातून बँडेज कापायची कात्री काढून चपट्या कोपऱ्याच्या अलीकडे, घड्याळाच्या बाजूला, नळी कापली. पिशवी गरमच होती. काटा मात्र धाडकन शून्यावर आला.

"कोपऱ्यापासून घड्याळापर्यंतची हवा कोंडली होती," ती धाकट्याला म्हणाली. "चारला खिडकीतून ऊन पडलं की ती तापायची, फुगायची आणि काटा ढकलायची. बाहेरचा वारा घड्याळापर्यंत पोचतच नव्हता. आता तूच सांग, वर गेल्यावर काय झालं असतं?"

धाकट्याला उडवता येत होतं, म्हणून त्याला लगेच कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "वर हवा विरळ. आतली कोंडलेली तशीच. काटा चढतच राहिला असता. मला वाटलं असतं वेग फार झालाय, तो कमी करायला मी नाक आणखी वर केलं असतं, खरा वेग पार मेला असता..." 

"विमान दगडासारखं खाली आलं असतं," तिने पुरं केलं.

एव्हाना महाराजांनी काढता पाय घेतला होता. सुतार पट्ट्या सोडवून काढलेली ती चपटी नळी हातात फिरवत होते. "काटकोन माझा," ते म्हणाले. "त्याने गोल वळवून ठेवलेली नळी मला गबाळी वाटली. जन्मभर कोपरे चोख बसवले ना मी. काढून टाकली आणि नवी लावली." मग ती खाली ठेवत म्हणाले, "म्हणजे तो येत नव्हता."

"नाही, बाबा."

"रोज माफी मागायचो. काटा उठला की वाटायचं, मिळाली."

एखादं गोड खोटं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "त्याने माफ केलं असतं की नाही, ते आता कुणालाच कळणार नाही," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

गर्दी पांगताना एक बाई तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "नवऱ्याला दुसऱ्यांदा मारलंस गं!" धाकटा वाचला, असं पन्नासांतल्या एकानेही म्हटलं नाही. सुतार त्यानंतर सुनेशी कामापुरतंच बोलतात. महाराज दुसऱ्या गल्लीत एका बंद पडलेल्या पंख्याला बोलतं करताहेत म्हणे, आणि तिथेही मुंगी शिरायला जागा नाही.

तेव्हा बाबांनो, कुणी 'मागे बघू नका' म्हणालं, की आधी मागेच बघा. तापवून बघा, निववून बघा, कापून बघा. गेलेल्या माणसासाठी पोटभर रडा, त्यात लाज कसली? पण त्या रडण्याच्या भरवशावर जिवंत पोराला आकाशात पाठवू नका.