बोगद्यातला सांधा

त्या गावची लिफ्ट सरळ वर जात नसे. आधी ती रुळांवरून डोंगराच्या पोटात दोनशे पावलं आडवी जायची आणि तिथे मिनिटभर थबकायची. खालून लोखंडी पकड खाडकन बसली की मगच उभी चढू लागायची. नवखे त्या आवाजाने दचकत. लिफ्ट चालवणाऱ्या बाई त्यांना शांतपणे सांगत, "घाबरू नका, ती नुसती कूस बदलतेय."

बाईंचा थोरला भाऊ पाथरवट. गावातल्या जुन्या दगडी पायऱ्यांची डागडुजी त्याच्याकडे असे. नऊ वर्षांपूर्वी लिफ्ट आली, लोकांनी पायऱ्या सोडल्या आणि त्याचं काम निम्म्यावर आलं. त्यात लिफ्टवर पहिली नोकरी लागली ती बहिणीलाच. "सख्खी बहीण पोटावर पाय द्यायला निघालीये," असं तो गल्लीभर बोलला आणि त्याने तिच्याशी बोलणंच टाकलं. बाईंनी वहिनीकडून दोनदा निरोप धाडला. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनीही नाद सोडला.

मग त्याच्या गुडघ्याने दगा दिला. एका दुपारी तो काठी टेकत लिफ्टच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"वर जायचंय," तो दाराकडे बघत म्हणाला.

"या, आत या."

"मला कधीपासून अहोजाहो करायला लागलीस?"

"ड्युटीवर सगळ्यांनाच करते."

आत दुसरं कोणी नव्हतं. बोगद्याची भिंत काचेबाहेरून सरकत होती. त्याने काचेला नाक लावलं.

"हा सांधा कोणी भरलाय? नुसतं सिमेंट थापलंय. पाणी बघ कसं झिरपतंय. दोन वर्षांत दगड सुटेल."

बाईंनी त्याच संध्याकाळी वरिष्ठांना कळवलं. हे काम कोण करील, असं वरिष्ठांनी विचारलं. बाईंनी एकच माणूस सुचवला.

रविवारी लिफ्ट बंद असे. बाईंनी ती बोगद्यात मधोमध नेऊन उभी केली. भाऊ पालथ्या बादलीवर बसला, जुनं सिमेंट खरवडून काढू लागला, मग चुना भरू लागला. बाई बॅटरी धरून उभ्या. चार तासांत बोलणं झालं ते "उजेड जरा वर घे" आणि "थापी दे" एवढंच.

शेवटी बाईंनीच विचारलं, "गुडघा दाखवलास का, दादा?"

"दाखवला. डॉक्टर म्हणाला, पायऱ्या बंद."

"मग?"

"मग काय? यावं लागेल तुझ्या या खोक्यातून."

"खोकं म्हणायचं काम नाही."

तो हसला. मिशीला चुना लागला होता. "तोंड काही बदललं नाही तुझं."

बाईंनी डबा उघडला. त्याने हात धुतले आणि न विचारता अर्धा डबा आपल्याकडे ओढला.

"मीठ कमी आहे."

"नऊ वर्षांनी माझ्या हातचं खातोयस, तरी खोड काढतोसच!"

"आहे कमी, तर काय सांगू?" म्हणत त्याने डबा चाटूनपुसून साफ केला.

आठवड्याभरात सांधा कोरडा पडला. तेव्हापासून तो दिवसातून दोनदा लिफ्टने ये-जा करतो. फार बोलत नाही. आत शिरला की थेट बाईंच्या स्टुलावर बसतो, आणि बाई उभ्यानेच लिफ्ट चालवतात.