गुडघ्याची खूण

फिनिक्सच्या उन्हात रस्त्यांचं डांबर पाघळायचं, म्हणून ग्रासिएला जुन्या टायरांचा भुगा डांबरात शिजवून बघायची. पितळी कडीत डांबर भरायचं, वर पोलादी गोळी ठेवायची, कडी पाण्यात बुडवायची आणि पाणी तापवत न्यायचं. डांबर मऊ झालं की गोळी पडते. तिच्या मिश्रणावरची गोळी पडता पडत नव्हती. कंपनीने तेच मिश्रण घेतलं.

तिचा बाप फिदेन्सियो त्याच कंपनीच्या रस्ता करणाऱ्या टोळीत गरम डांबरावर दाताळं ओढायचा. "माझ्या लेकीचं डांबर!" हे ऐकून ऐकून टोळीचे कान किटले होते.

पण या रबराची एक खोड. जमीन सणसणीत तापलेली नसेल तर ते नीट चिकटत नाही. म्हणजे काम भर जुलैत. हे तिनंच कंपनीला सांगितलं होतं.

अशाच एका दुपारी ती बापाला जेवणाचे बरीटो द्यायला रस्त्यावर गेली. बाप लालबुंद झालेला आणि अंगावर घामाचा टिपूस नाही. ऊन लागल्याचं लक्षण.

"पापा, आधी सावलीत बसा."

"आणि उद्या सगळे म्हणतील, लेकीनं दटावलं म्हणून म्हातारा बसला!"

"म्हणू देत! वय काय तुमचं?"

"अगं, तुझं डांबर पाघळत नाही, मग तुझा बाप पाघळेल होय? जा, गोळ्या पाड तुझ्या!"

टोळी खदाखदा हसली. आणि काय सांगावं, तीही हसली. हसतच गाडीत बसली.

ती गेली आणि थोड्याच वेळात फिदेन्सियो ताज्या डांबरावर एका गुडघ्यावर टेकला, मग कलंडला. दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दफनाच्या दिवशी मुकादम ओडेल तिच्यापाशी आला. "गुडघ्याची खूण उमटली होती, पोरी. पण तुझं ते रबर, निवलं की दबत नाही. म्हणून गरम होतं तोवरच मी रोलर फिरवायला लावला." एवढं बोलून तो धाय मोकलून रडला.

आता दर जुलैत, ऊन डोक्यावर आलं की बाप पडला तिथे ती गाडी थांबवते. शेजारच्या जुन्या गल्लीत बुटांचे ठसे उमटत असतात. हिचा रस्ता मात्र टणक. आपलं मिश्रण एकदा, फक्त एकदा फसावं, आणि दबलेली खूण वर यावी, एवढंच तिला हवं असतं.

"पाघळ ना रे जरा," असं म्हणत ती वाकून अंगठा दाबते. अंगठा भाजतो. रस्ता तसूभरही दबत नाही.