एका दाढेचा काप

दीड वर्षाच्या रजेनंतर प्रयोगशाळेत परतले आणि आठवड्याभरातच ती दाढ आली. चाळीस हजार वर्षांपूर्वी गुहेत राहणाऱ्या एका मुलाची. खोडात वलयं असतात तशा दातात वाढीच्या रेषा असतात. जन्माची वेगळी दिसते, आजारपणाची जाड. त्या वाचायच्या तर दात कापून, घासून कागदासारखा पातळ करायचा. चुकलं की संपलं. त्या मुलाची ही एकच दाढ होती.

"तुझी सवय मोडलीय," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "डोळे बघ कसे झालेत. झोपतेस तरी का?"

"नाही झोपत. पण सव्वा वर्ष पोरीची नखं कापतेय, तीही तिचे हात चालू असताना. दाढ निदान हलत तरी नाही."

त्या हसल्या नाहीत, पण दाढेची डबी माझ्याकडे सरकवली. "बिघडलं तर त्याच गुहेतल्या इतर मुलांचे सहा दात दुसऱ्या प्रयोगशाळेत जातील आणि तू आकडे टाइप करत बसशील."

दाढेचा काप काढला. मग घासायला बसले. दहा वेळा घासायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, परत दहा. जरा जास्त झालं की जन्माची रेषाच जाते.

"बाळ श्वास घेतंय ना, असं सारखं काय बघतेस?" मॅडम वैतागल्या.

"तसंच बघतेय."

दुपारी सासूबाईंचा फोन. पडली, ताप आला, काहीतरी गिळलं. उचलेपर्यंत सगळं मनात येऊन गेलं.

"वाटी चाटूनपुसून संपवली तिने. एवढंच सांगायला केला."

पुन्हा दहा. पुन्हा दहा.

"मॅडम, बघता का?"

जन्माची रेषा अखंड होती. पुढे रोजच्या बारीक रेषा, आणि आठव्या महिन्यापाशी एक काळी, जाड. मॅडम बराच वेळ मोजत राहिल्या.

"मोठं दुखणं. असली पोरं तेव्हा मागे टाकून जात, असं मी दहा वर्षं लिहितेय."

"काप जरा पुढे सरकवून बघा."

काळ्या रेषेपुढे पुन्हा बारीक रेषा होत्या, एकसारख्या, थेट तिसऱ्या वर्षापर्यंत.

"वाचलंय गं हे पोर," त्या म्हणाल्या. "कोणीतरी उचलून घेऊन हिंडलंय याला."

त्यांनी कपाट उघडलं आणि सहाही डब्या माझ्यासमोर मांडल्या.

"कुठेही पाठवायच्या नाहीत. आणि मला माझा लेख नव्याने लिहायचाय, तेव्हा लवकर काप."

मी हातमोजे बदलले.