पास केलेला कागद

“हात धुवा आधी,” लताबाई म्हणाली. “पेढ्याचं तूप लागंल त्याला.”

सहादू पगारे मोरीत गेला, साबणाने हात धुऊन आला आणि कोरड्या फडक्याने एकेक बोट टिपत बसला. नोटांच्या प्रेसमध्ये चेकिंगला त्याची अठ्ठावीस वर्षं झाली होती. छापलेली शीटं नजरेखालून घालायची, चांगली ती पास, सदोष ती बाद. कागदाला ओला हात लावायचा नाही, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सहादू आणि लताबाईची लेक ललिता सात वर्षांनी घरी आली होती, डॉक्टर होऊन. १९८७ साली सोव्हिएत सरकारची शिष्यवृत्ती मिळून ती फ्रुंझे नावाच्या गावाला गेली, मधे एकदाच येऊन गेली, आणि आता ९४ च्या जुलैत कायमची परतली होती. नाशिक रोडच्या त्या कॉलनीतून परदेशी शिकायला गेलेलं दुसरं कुणी नव्हतं.

“ए डॉक्टरीण,” शेजारची चंद्रभागा पाय पसरत म्हणाली, “माझे गुडघे बघशील ना? का रशियन बोलावं लागंल?”

“मराठीतच दुखतात ना, काकू? मग मराठीतच बघते.”

सगळे हसले. ललिताने बॅगेतून कापडात गुंडाळलेली, पुस्तकासारखी दिसणारी पदवी काढली. जाड लाल कव्हर, आत एकच पान चिकटवलेलं. पहिल्या वर्गात आलेल्यांनाच लाल कव्हर मिळतं, बाकीच्यांना निळं, असं तिने सांगितलं.

“घ्या दादा. तुमच्या नजरेखालून जाऊ द्या एकदा.”

सहादू खिडकीपाशी गेला. टेबलाच्या खणातून भिंग काढलं. अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, पण वाचायला त्याला अक्षरं लागत नसत. आधी कागद पाहिला, मग छपाईच्या कडा, मग सोनेरी ठसा. काम नेटकं होतं. कव्हरवर विळा-हातोडा. आत खाली निळ्या शाईचा गोल शिक्का. त्याने भिंग शिक्क्यावर धरलं.

शिक्क्यात विळा-हातोडा नव्हता. पंख पसरलेला एक पक्षी होता, त्याच्यामागे डोंगर आणि उगवता सूर्य.

त्याने पुन्हा कव्हर पाहिलं, पुन्हा शिक्का. कव्हर एका देशाचं होतं, शिक्का दुसऱ्याचा. प्रेसमध्ये पुढची बाजू मागच्या बाजूशी जुळली नाही तर बाकीचं कितीही देखणं असो, शीट बाद. त्यावर चर्चा नसे. त्याचा उजवा हात सवयीने खिशाकडे, लाल पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच थांबला.

मागे ललिता कुणाला तरी सांगत होती, “पुण्याचा एक ज्युनिअर आहे, तो ऑगस्टमध्ये परत तिकडे जातोय. कुणाची कागदपत्रं बदलून आणायची असतील तर त्याच्याजवळ द्या म्हणाला.”

सहादूच्या डोळ्यांसमोर मधली वर्षं येऊन गेली. ९१ च्या डिसेंबरात कॅन्टीनमध्ये रेडिओवर बातमी लागली, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा गोरक्ष ओरडला होता, “पगारे, तुमच्या पोरीचा देशच गेला ना राव!” गावाचं नाव त्याआधीच बदललं होतं, फ्रुंझेचं बिश्केक झालं होतं. सहादूला रशियन लिहिता येत नाही म्हणून ललिताने जाताना पत्त्याच्या साठ चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या. पाकिटावर एकेक चिकटवायची. त्यातल्या एकवीस उरल्या त्या वाया गेल्या. मग पत्रं येईनाशी झाली. शिष्यवृत्तीच्या रुबलात आठवडाभराचा पाव येईना. खोल्या गरम ठेवणारी होस्टेलची वाफ बंद, म्हणून पोरी कोट घालून झोपायच्या. मास्तरांना पगार नव्हता, तरी ते येऊन शिकवत. बरोबरच्या चार मुलींमधल्या तिघी शिक्षण अर्धं टाकून परतल्या. ललिताने लिहिलं होतं, ‘देश गेला, पण परीक्षा ठरल्या तारखेलाच झाली. मी पास आहे.’

ते पत्र येईपर्यंत लताबाई रोज दोन वेळा पोस्टमनला हटकत असे. आता ती लेकीच्या पाठीवरून नुसता हात फिरवत होती.

कागद परत पाठवला, तर कागदापाठोपाठ पोरगीही जाईल.

सहादूने भिंग खणात ठेवलं.

“काय हो?” लताबाईने विचारलं. “गप का?”

“छपाई फार छान आहे,” तो म्हणाला.

ललिता त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिली. मग तिने पदवी कापडात गुंडाळली आणि चंद्रभागाच्या गुडघ्यापाशी जाऊन बसली.

*

सप्टेंबरात बापलेक पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेले. ज्या ऑफिसात डॉक्टरांची नोंदणी होते तिथल्या खिडकीत एक चष्मेवाला बसला होता. त्याने पदवी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग त्याचं बोट शिक्क्यावर टेकलं, नेमकं त्या पक्ष्यावर. सहादूने मान खाली घातली.

“मॅडम, हे देश दोन आहेत. तुम्ही नक्की कुठे शिकलात?”

“गेले तेव्हा तो एकच होता.”

“आणि आलात तेव्हा?”

“आले तेव्हा हा होता. इन्स्टिट्यूट तेच, इमारत तीच. जुनी कव्हरं संपेपर्यंत तीच वापरत होते.”

“हे तुम्ही सांगताय. त्यांना सांगू द्या ना. वकिलातीचं पत्र आणा.”

“कुठल्या?”

त्याने खांदे उडवले. माणूस वाईट नव्हता. त्याने पाणी विचारलं, आणि ‘दहा वर्षांत असा कागद पाहिला नाही’ असंही जवळजवळ कौतुकाने म्हणाला.

रशियाच्या वकिलातीने कळवलं, हे आता आमच्याकडे नाही. त्या नव्या देशाचं दिल्लीत कुठे काय आहे हे कळायलाच वर्ष गेलं. इन्स्टिट्यूटला ललिताने अकरा पत्रं लिहिली. सत्त्याण्णवमध्ये एक उत्तर आलं: पदव्या बदलून देण्याची मुदत संपली आहे, मूळ प्रत घेऊन समक्ष यावे, मग विचार करू. खाली तोच पक्षी. तिकडे जायचं तर एका दवाखान्यात मिळालेली नोकरी सोडावी लागणार होती, आणि तोवर लताबाईची किडनी गेली होती. ललिता आईजवळ राहिली. दीड वर्षाने लताबाई गेली, तेव्हा तिच्या केसपेपरवर घरच्या डॉक्टर लेकीने लिहिलेलं एक अक्षर नव्हतं. लिहायचा अधिकार नव्हता.

मग २००२ साली परदेशात शिकून आलेल्यांसाठी नवी परीक्षा सुरू झाली. ललिताने फॉर्म आणला, तीन महिने अभ्यास केला. पण परीक्षेला बसण्याआधी पदवी खरी ठरायला हवी होती. फॉर्म परत आला. त्या दिवशी तिने जाड रशियन पुस्तकं माळ्यावर टाकली आणि दुपारच्या पाळीला कामावर गेली.

काम सिन्नर फाट्याजवळच्या एका दवाखान्यात होतं. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे ‘मदतनीस’ होतं. डॉक्टरांना हृदयाचा आवाज नीट लागला नाही की ते हळूच म्हणत, “ललिताताई, तुम्ही ऐका जरा.” ती ऐके, सांगे, डॉक्टर लिहीत. पेशंट तिला सिस्टर म्हणत.

सहादू कधी डबा द्यायला जाई. “सिस्टर, तुमचे वडील आलेत,” असं बाहेरून कुणीतरी ओरडे. ती बाहेर येई, डबा घेई, “ऊन आहे दादा, रिक्षाने जा,” म्हणे. तो चालतच जाई.

*

निवृत्त झाल्यावर चार वर्षांत सहादूचे डोळे गेले. म्हणजे मोतीबिंदू. ज्या डोळ्यांनी केसाएवढी रेघ पकडली त्यांना ताटातली मिरची दिसेना. २००४ च्या जानेवारीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि तो घरी आला, तेव्हा त्याला भिंतीचा पोपडा दिसला, लताबाईच्या फोटोवरची धूळ दिसली, आणि ललिताच्या कानापाशी पांढरे केस दिसले. ती चौतीस वर्षांची होती.

“लले, ते लाल कव्हर आण गं.”

“आता कशाला?”

“आण म्हणतो ना.”

तिने कपाटाच्या तळातून ते काढलं. कापड तेच होतं. सहादू खिडकीपाशी गेला. या वेळी भिंग लागलं नाही. डोळ्यात बसवलेल्या नव्या भिंगाने पक्ष्याचं एकेक पीस स्वच्छ दिसत होतं.

“हे मला त्याच दिवशी दिसलं होतं,” तो म्हणाला.

ललिता डोळ्यात घालायच्या थेंबांच्या बाटलीचं झाकण उघडत होती.

“ऐकतेस का? मुंबईच्या त्या माणसाआधी मला दिसलं होतं. पेढे वाटत होते तेव्हा. तोवरच्या अठ्ठावीस वर्षांत मी बाद शीट पास केलं नव्हतं. ते एकच केलं.”

“मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तुम्ही भिंग दोनदा शिक्क्यावर नेलंत. मी बघत होते.” ती शांतपणे म्हणाली. “मला शंका होती, दादा. म्हणून तर आधी तुमच्या हातात दिलं. तुम्ही खोट काढली असती तर त्या पुण्याच्या मुलाबरोबर पाठवणार होते. तुम्ही छपाई छान आहे म्हणालात. मी म्हटलं, दादांनी दोनदा पाहिलं आणि पास केलं, म्हणजे चालत असेल.”

खाली रस्त्यावर प्रेस सुटल्याचा भोंगा ऐकू आला. सायकलींच्या घंटा सुरू झाल्या.

“तेव्हाच का नाही विचारलंस?”

“तुमच्या नजरेला कुणी विचारतं का?” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, हे त्याला जास्त लागलं. त्याने विचारलं, “मग मुंबईहून येताना? इतकी वर्षं?”

“तुम्ही त्या खिडकीशी मान खाली घातलीत ना, तेव्हाच कळलं. मग काय बोलणार.”

त्याच्या हातातलं लाल कव्हर तिने काढून घेतलं, मिटलं, टेबलावर ठेवलं.

“टेका मागे. थेंबांची वेळ झाली.”

“लले...”

“बोलू नका, डोळा हलतो. वर बघा.”

तिने हात धुतले, कोरडे केले. डाव्या तर्जनीने खालची पापणी अलगद ओढली आणि एक थेंब सोडला. बाटलीचं टोक कुठेही टेकलं नाही. मग नाकाशेजारच्या कोपऱ्यावर बोट दाबून घड्याळाकडे पाहत एक मिनिट थांबली. गालावर ओघळलेलं पाणी तिने निर्जंतुक कापसाने टिपलं, आतून बाहेर, एकदाच. तो बोळा टाकला. पाणी पुन्हा आलं. तिने नवा घेतला.