पोळा फुटल्यावर

माणिकरावांनी शाळेच्या कार्यालयातल्या टेबलावर मोबाइल पेनस्टँडला टेकवून उभा केला आणि तीच क्लिप पुन्हा लावली. पोळ्याचं तोरण, खाली सजवलेले बैल, मुबश्शिर पालथ्या डब्यावर ताल धरतोय, पवन तोंडानं ठेका देतोय, आणि मधोमध अकरावीतली हेमला ओढणी कमरेला खोचून झडती म्हणतेय:

टाकी आली शाळेच्या नावानं, चढली साह्यबाच्या माडीवर,
पोरी लपत जाती पऱ्हाटीत, अन् हा हात फिरवते दाढीवर!

मोबाइलमधलं गाव खदाखदा हसलं. माणिकरावांचा हात सवयीनं दाढीकडे निघाला होता, तो त्यांनी मध्येच खाली घेतला. तिन्ही पोरं भिंतीशी उभी होती. शालिग्राम सरांना खुर्ची दिली होती, पण ते तिच्या कडेवर नुसते टेकले होते.

“पयली ओळ पोरायची हाये,” माणिकराव म्हणाले. “दुसरी पोरायची नाई. दुसरी कोणी देली?”

सरांच्या कानशिलावरून घाम उतरला. दुसरी ओळ त्यांची होती.

झालं होतं असं. पोळ्याच्या आधीच्या शनिवारी सरांनी वर्गातल्या टीव्हीवर एक पिक्चर दाखवला. लांबच्या कुठल्याशा देशात लष्कराचं राज्य, गाण्याबजावण्यावर बंदी, आणि शाळकरी पोरं तळघरात गिटार जमवून गाणी रचतात. पकडली जातात, मार खातात, पण एकमेकांची नावं काही सांगत नाहीत. पिक्चर संपला तेव्हा सरांचे डोळे भरून आले होते. चष्मा पुसत त्यांनी वर्गाला विचारलं, अशी हिंमत आपल्यात आहे का?

“आपल्याकडं गिटारच नाई, सर,” पवन म्हणाला आणि वर्ग हसला.

“झडती हाये ना,” हेमला म्हणाली.

खरंच होतं. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली कोणीही उठावं, पद्यात कोणाचीही फजिती करावी, आणि ज्याची झाली त्यानं चारचौघांत हसून घ्यावी. पोळा फुटला, बैल घरोघर निघाले, की बोल संपला. मनात ठेवायचा नाही, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. सरांचे वडील पुंजाजी तर झडत्यांसाठी पंचक्रोशीत नावाजलेले. तेव्हा भिण्यासारखं काय होतं? मुबश्शिरचा बाप सादिक बँडपार्टी चालवायचा, पोराच्या बोटांत ताल उपजतच होता. हेमलानं टाकीची ओळ आणून दाखवली. टाकी मुलींच्या संडासासाठी आली होती आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या, म्हणजे माणिकरावांच्या माडीवर बसली होती, पोरी अजून कपाशीच्या आडोशालाच जात होत्या, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ओळ पुढं सरकेना. सरांनी चहा पिता पिता तिघांसमोर दुसरी ओळ सांगून टाकली आणि स्वतःच मांडीवर थाप मारून हसले. खोटं कशाला बोला, कित्येक वर्षांत जिवाला असं बरं वाटलं नव्हतं.

पोरगी झडती म्हणते म्हणून गावानं आधी तोंडात बोटं घातली, मग डोक्यावर घेतलं. माणिकरावही हसले. पण मोबाइलला कुठली आली रीत? क्लिप संध्याकाळपर्यंत तालुक्याला मालेगावात आणि सकाळी जिल्ह्याला वाशीमला पोचली. लोक फोन करकरून टाकीची चौकशी करू लागले, तसे माणिकराव हसायचे थांबले.

“मीच लिवली साहेब,” हेमला म्हणाली. “दोन्ही ओळी माह्याच.”

हे म्हणताना तिनं सरांकडे चुकूनही पाहिलं नाही. तिचं ते न पाहणं सरांना पाहण्यापेक्षा जास्त लागलं.

“सर, तुमी मराठीचे,” माणिकराव म्हणाले. “सांगा बरं. हिची असू शकते हे ओळ?”

आता बोल, लेका, सरांनी स्वतःला बजावलं. पण त्याच टेबलावर डाव्या हाताला त्यांची फाइल होती. तुटपुंज्या मानधनावर अर्धं आयुष्य काढल्यावर यंदा कुठं कायम होण्याचा प्रस्ताव इथवर आला होता, आणि सही व्हायची होती ती याच माणसाची. सर खाकरले.

“असू शकते,” ते म्हणाले. “मात्रा जरा ढिल्या आहेत.”

मुबश्शिरनं मान झटक्यात वर केली आणि सरांकडे पाहिलं. सर आपल्या खिशातला पेन नीट करू लागले.

“झालं तं मंग,” माणिकराव म्हणाले. “उद्या बापाले घेऊन ये पोरी, दाखला घेऊन जाय. दुसरीकडं शिक.”

दुसरीकडं म्हणजे मालेगाव, नाहीतर वाशीम. हेमलाच्या तांड्यावरून तिकडे जाणारी सकाळची बस कधीच बंद झाली होती. दाखला म्हणजे शिक्षण संपलं, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

घरी सर जेवणाचं ताट तसंच सरकवून उठले आणि दिवेलागणीच्या आत माणिकरावांच्या वाटेला लागले. माणिकराव ओसरीत पाय पसरून बसले होते.

“या सर. चा घेता?”

“ती ओळ माझी होती,” सर उभ्या उभ्याच म्हणाले.

“मालूम हाये ना मले.”

सर ओसरीच्या कडेवर टेकले.

“पुंजाजीबुवाच्या झडत्या ऐकत लहानाचा मोठा झालो मी. बुवा माणसाच्या ढंगावर झडती रचत. कोणाच्या मिशीवर, कोणाच्या चालीवर. दाढी आयकली अन् समजलो, हे त्यायच्याच घरची हाये.”

“मग त्या पोरीले काहून...”

“तुमी बोलता का नाई, ते पाहून राह्यलो होतो.” माणिकरावांनी आतून चहा मागवला, आणि चहाबरोबर फाइलही आली. “हे घ्या. दुपारीच सही केली. न बोलनारा मानूस संस्थेले लागतेच.”

“साहेब, पोरीले ठेवा. गुणी पोरगी आहे.”

“ठेवतो ना! मी कुठं नाई म्हनतो? उद्या परिपाठाले माइकवर सांगा, ओळ माही हाये म्हनून. पोरगी वर्गात बसंन. फाइल मातर मंग वापस द्या लागंन.”

चहा चांगला होता, दाट आणि गोड. सरांनी तो संपवला. फाइल तिथंच ओसरीवर ठेवून उठायला हवं होतं. त्यांनी ती पिशवीत घातली. उद्या सांगायचंच आहे, तेव्हाच परत करू, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि ठरवतानाच त्यांना स्वतःची किळस आली. लाजेनं धरणी दुभंगावी म्हणतात. ती काही दुभंगत नाही, आपल्यालाच चालत घरी जावं लागतं.

सकाळी राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. माणिकराव व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. कार्यालयाच्या दाराशी हेमला आणि तिचा बाप उभे होते. बापानं धुतलेला सदरा घातला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो हात जोडत होता. सरांनी माइक हातात घेतला. ओळ माझी होती. तीन शब्द. रात्रभर ते घोकले होते, बायकोला म्हणूनही दाखवले होते. तिनं नुसतं “करा जे करायचं ते,” म्हणून तोंड फिरवलं होतं.

हेमला आज त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, आशा होती, आणि तीच त्यांना सोसेना. सरांनी तोंड उघडलं. माणिकरावांचा हात निवांत दाढीवर गेला.

“सावधान!” सर म्हणाले.

मैदानभर पाय जुळले, धूळ उडाली. अकरावीच्या रांगेत मुबश्शिर आणि पवन मात्र विश्राममध्येच राहिले. पाय फाकलेले, हात पाठीमागं, नजर थेट समोर.

“सावधान!” सर पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज चिरकला. दोघांचे पाय हलले नाहीत.

मग मुलींच्या रांगेत कोणीतरी जुळवलेला पाय हळूच पुन्हा बाजूला सरकवला.